वऱ्हाडातील हुरडा

हुरडा म्हणजे ज्वारीचे कणीस पूर्ण पिकण्यापूर्वी, दाणे कोवळे व रसदार असताना, निखाऱ्यांत भाजून व हातावर चोळून काढलेले हिरवे दाणे होत. महाराष्ट्राच्या पठारी भागात हुरडा सर्वत्र परिचित आहे. वऱ्हाडात, विशेषतः पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत, ज्वारी हे दीर्घकाळ मुख्य अन्नधान्य असल्यामुळे हुरडा हा हिवाळ्यातील शेतजीवनाचा अविभाज्य भाग राहिला आहे. हुरडा सहसा एकटा खाल्ला जात नाही. तिखट चटण्या, दही, गूळ, ओल्या शेंगा, हरभऱ्याचा हुळा आणि ऋतूतील फळे अशा जोडपदार्थांसह तो शेतातच, आगटीभोवती बसून खाण्याची रीत आहे. या ताटातील बहुतेक पदार्थ एकाच शेतशिवारातून येतात आणि त्यांतील अनेकांचा संबंध ज्वारीच्या पिकाशी असतो. त्यामुळे या भागातील ज्वारीचे क्षेत्र घटल्याचा परिणाम केवळ एका पदार्थावर न होता संपूर्ण खाद्यपरंपरेवर झालेला दिसतो.

नाव आणि संज्ञा

'हुरडा' हा शब्द दाण्याची विशिष्ट अवस्था आणि त्या अवस्थेतील भाजलेला दाणा या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. 'ज्वारी हुरड्यावर आली' असे म्हटले की कणसे भाजण्याजोगी झाली, असा अर्थ होतो. ज्वारीच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्यासाठी शेतकऱ्यांच्या बोलीत स्वतंत्र शब्द आहेत. कणीस पानांच्या वेटोळ्यात असताना पीक 'पोटरीत' असते. कणीस बाहेर पडले की ते 'निसवते'. त्यानंतर फुलोरा येतो, मग दाणा 'चिकात' येतो आणि शेवटी हुरड्यावर येतो. भाजण्यासाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याला 'आगटी' म्हणतात. ज्वारीच्या ताटाला वऱ्हाडात 'धांडा' असे म्हणतात आणि वाळलेल्या ताटांच्या चाऱ्याला 'कडबा'.

इतर पिकांच्या अशाच कोवळ्या अवस्थेलाही वेगळी नावे आहेत. हरभऱ्याचे भाजलेले घाटे म्हणजे 'हुळा', गव्हाची भाजलेली कोवळी लोंबी म्हणजे 'ओंबी', तर तुरीचे ओले दाणे म्हणजे 'सोले'.

भूभाग आणि पीकपद्धती

वऱ्हाड या नावाने आजचे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशिम हे जिल्हे ओळखले जातात. वाशिम हा जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. पूर्णा खोऱ्यातील जमीन काळी, खोल आणि ओलावा धरून ठेवणारी आहे. नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असल्याने विहिरीच्या पाण्यावर बागायत करण्यास मर्यादा पडतात. तेथील शेती मुख्यतः पावसाच्या ओलीवर अवलंबून असते. पाण्याचा ताण आणि काही प्रमाणात क्षार सहन करणारे ज्वारीचे पीक या भागास अनुकूल ठरले.

वऱ्हाडाची ख्याती कापसासाठी असली, तरी कापूस हे विकण्याचे व ज्वारी हे खाण्याचे पीक, अशी विभागणी येथे रूढ होती. एका वर्षी कापूस घेतलेल्या शेतात दुसऱ्या वर्षी ज्वारी घेण्याची फेरपालट सर्वत्र प्रचलित होती. इंग्रज राजवटीत १९१० मध्ये अकोला आणि १९११ मध्ये अमरावती जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्या काळात दोन्ही जिल्ह्यांत ज्वारी हेच सर्वसामान्यांचे मुख्य धान्य होते. भाकर, कण्या, आंबील आणि नागपंचमीच्या लाह्या हे ज्वारीचे नित्याचे पदार्थ असून, भाद्रपदातील महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीला आजही स्थान आहे. आश्विनात बसणाऱ्या भुलाबाईसाठी ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर करण्याची प्रथा विदर्भात आढळते.

पश्चिम महाराष्ट्र व मराठवाडा येथील हुरडा मुख्यतः रब्बी ज्वारीचा असतो. वऱ्हाडातील ज्वारी मात्र प्रामुख्याने खरिपात, पहिल्या पावसावर पेरली जात असे. जुनी गावरान वाणे उशिरा पक्व होत. त्यामुळे पाऊस संपून थंडी पडू लागल्यावर, कार्तिक व मार्गशीर्ष महिन्यांत ती हुरड्यावर येत.

हुरड्याची अवस्था

ज्वारीचा दाणा भरू लागल्यावर प्रथम त्यात दुधासारखा पातळ रस असतो. पुढे हा रस घट्ट होत जाऊन मऊ पिठाळ गर तयार होतो. त्यानंतर दाणा टणक होतो आणि पूर्ण पक्व झाल्यावर त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसतो. दुधाळ अवस्था संपून मऊ पिठाळ अवस्था सुरू होण्याचा काळ हुरड्यासाठी योग्य मानला जातो. या वेळी दाण्यातील साखरेचे पूर्णपणे पिष्टात रूपांतर झालेले नसते, म्हणून तो गोड लागतो. गर पुरेसा घट्ट झालेला असल्याने चोळताना तो फुटतही नाही.

ही अवस्था थोडेच दिवस टिकते. योग्य कणीस ओळखण्यासाठी त्यातील एखादा दाणा नखाने दाबून पाहतात. दाण्यातून पातळ दूध उडाले तर कणीस कोवळे असते, नख सहज रुतून घट्ट चीक आला तर ते योग्य असते आणि नख न रुतल्यास हुरड्याची वेळ गेलेली असते. कणसातील दाणे शेंड्याकडून बुडाकडे पक्व होत जातात. म्हणून परीक्षा मधल्या भागातील दाण्यावरून करतात. कापलेल्या कणसातील गोडवा तासागणिक कमी होत असल्याने कणसे भाजण्याच्या वेळीच कापली जातात. हुरडा शेतात जाऊन खाण्यामागे हे व्यावहारिक कारणही आहे.

वाण

प्रत्येक ज्वारीचा हुरडा सारखा होत नाही. चांगल्या हुरड्याच्या वाणाचा दाणा गोड व टपोरा असावा लागतो. भाजल्यावर तो बोंडातून सहज सुटावा लागतो आणि कुसे किंवा तूस त्याला चिकटून राहता कामा नये. महाराष्ट्रात गुळभेंडी, सुरती, कुचकुची, काळी दगडी, दूधमोगरा अशी हुरड्याची पारंपरिक वाणे प्रसिद्ध आहेत. वऱ्हाडात 'वाणी' नावाची ज्वारी हुरड्यासाठी विशेष मानली जाते. मोठ्या शेतातील ज्वारी धान्यासाठी पेरली, तरी हुरड्याच्या ज्वारीच्या दोन-चार ओळी बांधाजवळ वेगळ्या पेरण्याची पद्धत होती. या ओळींचे बियाणे बाजारात मिळत नसे. घरातील वडीलधारी मंडळी उत्तम कणसे न भाजता राखून ठेवत आणि पुढील वर्षी त्यांचाच पेरा होई. पेरणी एक-दोन वर्षे खंडित झाली तरी असे घरगुती बियाणे कायमचे नष्ट होऊ शकते.

अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी 'पीकेव्ही अश्विनी' हे वाण विकसित केले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने 'ट्रॉम्बे अकोला सुरुची' हे वाणही तयार करण्यात आले. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले उत्तरा' व 'फुले मधुर' आणि परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'परभणी वसंत' ही वाणेही याच प्रयोजनासाठी आहेत.

भाजण्याची रीत

आगटीसाठी शेतातील मोकळ्या जागी, वाऱ्याचा मारा नसेल अशा ठिकाणी, वीतभर खोलीचा गोल खड्डा करतात. त्यात गोवऱ्या रचून पेटवतात. ज्वाळा पूर्ण विझून निखारे तांबूस झाल्यावर आणि त्यांवर राखेचा पातळ थर आल्यावरच कणसे घालतात. धांड्याचा थोडा भाग धरण्यासाठी बाहेर ठेवून कणीस निखाऱ्यांत खोचतात, वरून गरम राख ओढतात आणि मधून मधून फिरवतात. एका वेळी मोजकीच कणसे घातली जातात, कारण हुरडा गरम असतानाच चोळावा लागतो आणि चोळणारे हात मर्यादित असतात.

भाजताना दाण्यावरील ओल्या आवरणामुळे आत वाफ कोंडते. त्यामुळे दाणा आतून शिजतो आणि बाहेरून भाजतो. गोवरीचा निखारा मंद व सारखा असल्याने दाणा करपत नाही. लाकडाच्या किंवा गॅसच्या ज्वाळेवर कणीस बाहेरून काळे पडते आणि आतील दाणा कच्चा राहतो, म्हणून जाणकार गोवऱ्यांचीच आगटी पसंत करतात.

भाजलेले कणीस बाहेर काढून राख झटकतात. मग ते घोंगडीवर किंवा स्वच्छ गोणपाटावर धरून दोन्ही तळहातांनी चोळतात. हाताला चटका बसतो, त्यामुळे हे काम सरावाचे असते. सुटलेले दाणे सुपात पाखडून किंवा फुंकर घालून तूस वेगळे करतात. हिरवट, टपोरा, किंचित धुरकट वासाचा हा दाणा लगेच खाणाऱ्याच्या पुढ्यात पडतो. निवाल्यावर तो चिवट होतो. यामुळे हुरड्याच्या बैठकीत भाजणारा, चोळणारा आणि खाणारा यांची पाळी सतत बदलत राहते.

जोडपदार्थ

हुरड्याची चव सौम्य गोड असते. त्यात आंबटपणा, तिखटपणा व स्निग्धता जवळजवळ नसते. जोडपदार्थ ही उणीव भरून काढतात. वऱ्हाडात रूढ असलेल्या जोडपदार्थांचे पुढीलप्रमाणे गट करता येतात.

तिखट व तेलबियांच्या चटण्या. शेंगदाण्याची लसूण घालून कुटलेली चटणी सर्वांत प्रचलित आहे. जवसाची चटणी हे विदर्भाचे वैशिष्ट्य होय. जवस तडतडेपर्यंत भाजून, सुकी लाल मिरची, लसूण व मीठ यांसह ती कुटतात. तिळाची व कारळ्याची चटणीही करतात. या सर्वांतील तेल दाण्याला कोरडेपणा येऊ देत नाही आणि लसणाचा उग्रपणा धुराच्या वासाशी जुळतो. हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र थोडाच घेतात, कारण तो हुरड्याचा गोडवा झाकून टाकतो. चटणी कोरडी व भरड असावी, असा संकेत आहे. बारीक किंवा ओली चटणी दाण्यांना चिकटून त्यांचा लगदा होतो.

दूधदुभते. घट्ट दही हा हुरड्याचा सर्वांत जुना सोबती मानला जातो. दह्याचा आंबटपणा गोड दाण्याला उठाव देतो आणि त्यातील स्निग्धांश चटणीचा तिखटपणा कमी करतो. वऱ्हाडात म्हशीच्या दुधाचे दही अधिक वापरात आहे. नागपुरी म्हैस आणि पूर्णा नदीच्या काठची भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस या येथील स्थानिक जाती होत. पूर्वी या जनावरांना ज्वारीचा कडबा आणि कापसाची सरकी हा मुख्य आहार असे. हुरडा खाल्ल्यावर लगेच पाणी पिऊ नये, ताक प्यावे, असे सांगितले जाते.

गोड पदार्थ. गूळ हा नेहमीचा जोडपदार्थ आहे. तो हुरड्यात कालवत नाहीत, त्याचा खडा मधून मधून तोंडात टाकतात. संक्रांतीच्या सुमारास तिळाच्या रेवड्या, गोडी शेव आणि उसाची कांडी यांची भर पडते.

शेतातील सोबती. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात किंवा आगटीतच भाजतात. हरभऱ्याची झाडे घाट्यांसह जाळावर धरून हुळा करतात. वालाच्या व पोपटाच्या शेंगा, गव्हाच्या ओंब्या, कांद्याची पात, मुळा आणि गाजर हे शेतात जे असेल त्याप्रमाणे येतात. निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचे भरीत हा वऱ्हाडातील बैठकीचा ठरलेला पदार्थ आहे.

फळे. बोरे व पेरू ही सर्वत्र मिळणारी फळे आहेत. अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध असून, तेथील अंबिया बहाराची संत्री हुरड्याच्या सुरुवातीच्या काळातच बाजारात असतात. पिकलेल्या कवठाची गूळ घालून केलेली चटणी आंबट आणि गोड या दोन्ही चवी एकत्र आणते.

ऋतुमानानुसार ताट

सर्व जोडपदार्थ एकाच वेळी उपलब्ध नसतात. शेतात काय तयार आहे, यावर ताट ठरते.

कार्तिक–मार्गशीर्ष (साधारणतः नोव्हेंबर–डिसेंबर): खरीप ज्वारीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, तुरीच्या ओल्या शेंगा, वांग्याचे भरीत, अंबिया बहाराची संत्री, दही.

पौष (डिसेंबर–जानेवारी): उशिरा पेरलेल्या किंवा रब्बी ज्वारीचा हुरडा, जवसाची व तिळाची चटणी, हरभऱ्याचा हुळा, बोरे, रेवड्या, गूळ.

माघ (जानेवारी–फेब्रुवारी): शेवटचा हुरडा, गव्हाच्या ओंब्या, कवठाची चटणी, मृग बहाराची पहिली संत्री, ताक.

ताटाची मांडणी आणि क्रम

मांडणीचे लिखित नियम नाहीत, तथापि काही संकेत सर्वत्र पाळले जातात. पहिली मूठ कशाहीशिवाय खातात. तीवरून ज्वारीचे वाण, कणसाची अवस्था आणि भाजणाऱ्याचे कसब यांची पारख होते. त्यानंतर कोरड्या चटण्या घेतात, मग दही. गूळ व इतर गोड पदार्थ शेवटी येतात, कारण गोड खाल्ल्यानंतर हुरड्याचा मूळ गोडवा जाणवत नाही. फळे बैठक संपताना खातात. एका वेळी दोन किंवा तीनच जोडपदार्थ पुढ्यात असावेत, अशी जुनी पद्धत आहे. हुरडा पत्रावळीवर किंवा थेट ओंजळीत दिला जातो, चटण्या पळसाच्या पानांवर मांडतात.

बैठकीनंतर उरलेल्या निखाऱ्यांचा उपयोग रोडग्यांसाठी होतो. रोडगे म्हणजे कणकेच्या पारींचे थर देऊन केलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले गोळे. ते फोडून तुपासह, वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खातात. अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात हिवाळ्यात भरणारी बहिरमची यात्रा रोडग्यांसाठी प्रसिद्ध आहे.

उरलेला हुरडा वाळवून ठेवतात. तो भरडून थालीपीठ करतात किंवा भिजवून उसळ करतात. ताज्या हुरड्याचे वडेही केले जातात.

पोषण आणि काळजी

ज्वारीत ग्लुटेन नसते. तिच्यात तंतुमय घटक चांगल्या प्रमाणात असून प्रथिनांचे प्रमाण सुमारे १० टक्के असते. हुरड्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने पक्व धान्यासाठीचे हे आकडे त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या अमिनो आम्लाची कमतरता असते आणि हरभरा व तूर यांत ते पुरेसे असते. त्यामुळे हुरड्याबरोबर हुळा किंवा सोले खाण्याने प्रथिनांचा समतोल साधतो. बोरे, पेरू व संत्री यांतील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. अर्थात हे पदार्थ प्रथम चवीसाठी व उपलब्धतेमुळे एकत्र आले, त्यांचे पोषणमूल्य नंतर समजले.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत व कोंबांत विषारी सायनाइड निर्माण करणारा धुरिन नावाचा घटक असतो. पाण्याचा ताण पडलेले कोवळे पीक खाल्ल्याने जनावरांना विषबाधा होऊ शकते. भरलेल्या दाण्यात त्याचे प्रमाण नगण्य असल्याने हुरडा खाण्यास ही अडचण येत नाही. हुरडा पचायला जड असल्याने लहान मुले व वृद्ध यांनी तो बेताने व नीट चावून खावा. कणसांवर नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झालेली असल्यास ती भाजण्यासाठी वापरू नयेत.

सामाजिक संदर्भ

पारंपरिक व्यवहारात हुरडा विकला जात नसे. शेतमालक आप्तेष्ट, शेजारी आणि लेकी-जावयांना हुरड्याचे निमंत्रण देत असे. शेतात राबणारे सालदार व मजूर यांनाही हंगामात कणसे भाजून खाण्याची मुभा असे. दाणा चिकात आल्यापासून पाखरांच्या राखणीसाठी शेतात माचाण उभारले जाई. गोफण घेऊन बसणाऱ्या राखणदाराचे दिवसाचे खाणे पुष्कळदा हुरडाच असे. मागील वर्षाचे धान्य संपत आलेल्या घरात नव्या पिकाचा पहिला घास हुरड्याच्या रूपाने मिळे. अशा घरांसाठी हुरडा ही केवळ मौज नव्हती.

अर्थात या बैठकीला जातिव्यवस्थेच्या व जमीनमालकीच्या मर्यादा होत्या. आगटीभोवती कोणी बसायचे आणि कोणी दुरून ओंजळीत घ्यायचे, हे गावाच्या रीतीप्रमाणे ठरत असे. भूमिहीनांसाठी हुरडा दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता.

ज्वारीचे घटते क्षेत्र

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील ज्वारीचे स्वरूप बदलले. भारतातील ज्वारीचे पहिले संकरित वाण 'सीएसएच-१' हे १९६४ मध्ये प्रसारित झाले. संकरित ज्वारीचे उत्पादन अधिक होते, मात्र ती लवकर पक्व होत असल्याने परतीच्या पावसात सापडून दाणे बुरशीने काळे पडत. तिची भाकर गावरान ज्वारीच्या तुलनेत कमी प्रतीची मानली गेली आणि तिला भावही कमी मिळाला. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस, ओल्या रानात व दमट गोवऱ्यांवर हुरडा करणे गैरसोयीचे होते.

पुढे सोयाबीनचा प्रसार झाला आणि २००२ पासून बीटी कापसाची लागवड सुरू झाली. दोन्ही पिकांतून रोख उत्पन्न मिळत असल्याने ज्वारीचे क्षेत्र त्यांच्याकडे वळले. शिधावाटप दुकानांतून स्वस्त गहू व तांदूळ मिळू लागल्यावर खाण्यासाठी ज्वारी पिकवण्याची निकडही कमी झाली. रानडुकरांचा उपद्रव आणि पाखरांची राखण करणाऱ्या माणसांची टंचाई ही आणखी दोन कारणे होत. आसपास सर्वत्र ज्वारी असताना पाखरांचे नुकसान विभागले जाई. शिवारात एकच शेत ज्वारीचे राहिल्यास सर्व थवे त्यावर उतरतात. त्यामुळे एका शेतकऱ्याने ज्वारी सोडली की शेजाऱ्यालाही ती टिकवणे कठीण होते.

या बदलाचे परिणाम हुरड्याच्या ताटात क्रमाने दिसून येतात. ज्वारी कमी झाल्याने कडबा कमी झाला. कडबा महागल्याने आणि बैलांची कामे ट्रॅक्टरकडे गेल्याने घरोघरची जनावरे घटली. जनावरे घटल्याने गोवऱ्या व घरचे दही या दोन्ही गोष्टी विकत आणाव्या लागल्या. चटण्या, गूळ व फळे आजही सहज मिळतात. परंतु ज्यासाठी ती मांडायची ते कणीस, ते भाजणारा विस्तव आणि सोबतचे दही या तीन गोष्टी एकाच पिकाशी बांधलेल्या होत्या.

सद्यस्थिती

गेल्या काही वर्षांत हुरड्याला शहरी ग्राहक मिळाला आहे. हिवाळ्यात चोळलेला हुरडा शहरांतील बाजारात वजनावर विकला जातो आणि शेतांवर शुल्क घेऊन 'हुरडा पार्टी' आयोजित केली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून साजरे केल्याने ज्वारीविषयीची आस्था वाढली. हुरड्यासाठी कणसे विकल्यास शेतकऱ्याला मळणीचा खर्च करावा लागत नाही आणि हिरवा चाराही हाती येतो. मात्र विक्रीचा अवधी थोडा असल्याने पेरणी टप्प्याटप्प्याने करावी लागते, तसेच ग्राहक जवळ असावा लागतो.

या व्यवहारात काही बदलही घडले आहेत. शुल्क घेऊन दिल्या जाणाऱ्या ताटात शहरी आवडीचे अनेक पदार्थ एकाच वेळी मांडले जातात आणि हुरडा त्यांपैकी एक ठरतो. अनेक ठिकाणी कणसे दुसऱ्या जिल्ह्यातून आणली जातात. दुसऱ्या बाजूने, हुरड्याला पैसे मिळू लागल्यामुळेच काही शेतकऱ्यांनी हुरड्याची ज्वारी पुन्हा पेरण्यास सुरुवात केली आहे.

तत्सम परंपरा

गुजरातमध्ये, विशेषतः सुरत परिसरात, ज्वारीच्या हुरड्याला 'पोंक' म्हणतात. तो लिंबू-मिऱ्याची शेव, लसणाची चटणी व ताक यांसह खातात. तेथेही 'वाणी' हे नाव पोंकाच्या ज्वारीला आहे. उत्तर कर्नाटकात हुरड्याला 'सीतनी' म्हणतात. पश्चिम आशियात हिरवा गहू जाळावर भाजून 'फ्रीके' तयार करतात, तर जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात स्पेल्ट या गव्हाच्या जातीचे हिरवे दाणे भाजून 'ग्र्युनकेर्न' करतात. ही दोन्ही धान्ये वाळवून साठवली जातात, हुरडा मात्र मुख्यतः जागेवरच खाल्ला जातो.

एक मुख्य पदार्थ मध्ये ठेवून त्याभोवती आंबट, गोड व कुरकुरीत जोडपदार्थ मांडण्याची पद्धत इतरत्रही आहे. युरोपात चीजचे विविध प्रकार फळे, सुकामेवा व बिस्किटे यांसह लाकडी फळीवर मांडतात. आयर्लंडमध्ये शेतघरी चीज करण्याची परंपरा जवळजवळ लोपली होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉर्क परगण्यातील बेआरा द्वीपकल्पात व्हेरोनिका स्टील यांनी आपल्या शेतावर 'मिलीन्स' हे चीज तयार करण्यास प्रारंभ केला. त्यानंतर तेथील अनेक शेतकरी कुटुंबे या व्यवसायात उतरली आणि अनेक चीज त्यांच्या गावाच्या किंवा शेताच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हुरड्याच्या बाबतीत वाणाचे व गावाचे नाव सांगून विक्री करण्याची प्रथा अद्याप रुजलेली नाही. बाजारात तो बहुधा केवळ 'हुरडा' म्हणूनच विकला जातो.

हे सुद्धा पहा

ज्वारी
पोंक
रोडगे
वऱ्हाडी खाद्यसंस्कृती
खारपाणपट्टा
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ